घट्ट बांगडी, सैल बांगडी

सदर : गराजमधल्या गप्पा



या सदराकडे येणारी पत्रं साधारण तीन जातींची असतात. पहिली, ‘एमओटीत गाडी नापास झाली, आता काय?’ दुसरी, ‘चिरंजीव सतरा वर्षांचे झाले, इन्शुरन्सवाले घर गहाण टाकायला लावतील असं दिसतंय, कुठली गाडी घ्यावी?’ आणि तिसरी, ‘देशातून भाऊ विचारतोय, इकडची जुनी गाडी तिकडे पाठवता येईल का?’ या वेळी मात्र मिडलँड्समधल्या एका भगिनींचं जे पत्र आलं ते यांपैकी कुठल्याच जातीत बसत नाही. म्हणून अख्खं सदर आम्ही त्यालाच देत आहोत.

ताई लिहितात की यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मागे गराजमध्ये त्यांची १९७८ सालची ट्रायम्फ स्पिटफायर आहे. लाल, दोन माणसांची, कापडी टपाची. रविवारची सकाळ ते तिच्याखाली काढायचे. फळीवर बिस्किटांचे डबे, आणि प्रत्येक डब्यावर मराठीत चिठ्ठी : ‘डावं मागचं चाक’, ‘उजवं मागचं, नवीन सील’. आता लेक म्हणते, बाबांची गाडी विकायची नाही, मी चालवणार. गाडी तपासली तर डाव्या मागच्या चाकातून घुंईऽऽ असा आवाज. बेअरिंग गेलेलं. ते काढायला दोन दिवस लागले. लेथवाल्या गृहस्थांनी सुचवलं की शाफ्ट मशीनवर थोडा उतरवून घेऊ, म्हणजे पुढच्या वेळी बेअरिंग हातानं निघेल आणि हातानं बसेल. जावई म्हणतात, उत्तम कल्पना. ताईंचा प्रश्न असा, ‘हो म्हणू का? गाडीत माझी मुलगी बसणार आहे.’

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात बरंच काही आहे. सावकाश घेऊ.

आधी या गाडीशी आपलं एक जुनं नातं आहे ते सांगतो. आपल्यापैकी ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर डोळे उघडे ठेवले असतील त्यांना ‘स्टँडर्ड हेरल्ड’ आठवत असेल. फियाट आणि अँबॅसॅडर यांच्या गर्दीत ती जरा नाजूक, दोन दारांची (पुढे चार दारांचीही निघाली), आणि बॉनेट अख्खंच्या अख्खं पुढे उलटं उघडणारी गाडी. कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ हेरल्डचीच ही मद्रासची बहीण. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने ती १९६१ पासून १९७१ पर्यंत बनवली. इकडे इंग्लंडमध्ये त्याच हेरल्डच्या सांगाड्यावरून, चासी आखूड करून, इटलीच्या जोव्हान्नी मिकेलॉत्ती यांनी रेखलेलं अंग चढवून, १९६२ साली स्पिटफायर निघाली. कॉव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यात ती १९८० पर्यंत तयार होत होती. तीन लाखांहून अधिक निघाल्या. म्हणजे स्पिटफायर ही आपल्या हेरल्डची हौशी धाकटी बहीणच म्हणायची.

दोघींची मागची चाकंही सारख्याच पद्धतीची. मधला डिफरन्शियल चासीला पक्का, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट पक्ष्याच्या पंखासारखा वरखाली हलणारा. याला स्विंग ॲक्सल म्हणतात. जोरात वळणावर गेलं की मागचं चाक पोटाखाली दुमडायचं, म्हणून १९७० च्या मार्क फोरपासून मागच्या पाट्याची बांधणी बदलली. गंमत म्हणजे मद्रासवाल्यांनी १९७२ मध्ये हेरल्डची पुढची आवृत्ती ‘गझेल’ काढली, तेव्हा ही सगळी भानगडच काढून टाकली आणि सरळ आडवा, भक्कम, एकसंध ॲक्सल बसवला. आपल्याकडच्या रस्त्यांना आणि आपल्याकडच्या मिस्त्रींना तोच सोयीचा!

आता त्या डाव्या मागच्या चाकाकडे वळू. शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला निमुळता उतार, म्हणजे टेपर. त्यावर हब ठोकून बसवलेला, मध्ये एक छोटी चावी, वर वायसर आणि नट. हबच्या आत, चाकाच्या बाजूला, छऱ्यांचं बेअरिंग. त्याची आतली कडी शाफ्टवर घट्ट. त्याच्याही आत, डिफरन्शियलच्या बाजूला, सुयांचं बेअरिंग. म्हणजे गोल छऱ्यांऐवजी सुईसारख्या बारीक दांड्या. आणि इथे मेख आहे. या सुयांच्या बेअरिंगला आतली कडीच नाही. सुया थेट शाफ्टच्या अंगावर धावतात. म्हणजे शाफ्टची ती कडक केलेली कातडी हाच बेअरिंगचा अर्धा भाग. बेअरिंग बदललं आणि शाफ्टवर खाचा पडलेल्या तशाच ठेवल्या, तर नवं बेअरिंग म्हणजे नव्या चपला घालून जुन्याच काट्यांतून चालणं.

हब निघत नाही तो टेपरमुळे. निमुळती खुंटी भोकात ठोकली की ती जशी रुतून बसते तसाच हा प्रकार. इंजिनची ताकद चाकाकडे जाते ती मुख्यतः या रुतण्यातून. चावी ही नुसती जागा धरून ठेवायला. चाळीस-पन्नास वर्षं रुतलेला हब साध्या तीन पायांच्या पुलरने ओढला तर हबची कडा वाकते, पण हब हलत नाही. त्यासाठी जाडजूड, कडेच्या चारही बोल्टांना धरणारा पुलर लागतो. ताईंकडे जे दोन दिवस गेले ते बहुधा इथेच गेले असणार. लक्षात घ्या, शाफ्ट उतरवून या त्रासात काहीच फरक पडत नाही. हब तेवढाच रुतणार.

मग लेथवाले काय उतरवायचं म्हणतात? छऱ्यांच्या बेअरिंगची बैठक. आता ती घट्ट का ठेवलेली असते ते पाहू, कारण सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

लहानपणी कासाराकडे बांगड्या भरताना पाहिलं असेल. घट्ट बांगडी साबण लावून, हात दाबून चढवावी लागते, पण एकदा बसली की जागची हलत नाही. सैल बांगडी सहज जाते, आणि दिवसभर मनगटावर गोल गोल फिरत राहते. मनगटाला त्याचं काही वाटत नाही. पोलादाला मात्र वाटतं.

चाकावर गाडीचं वजन नेहमी एकाच दिशेने, वरून खाली, येतं. शाफ्ट मात्र फिरत असतो. त्यामुळे आतल्या कडीचा प्रत्येक बिंदू आळीपाळीने त्या वजनाखाली येतो. कडी किंचितही सैल असेल तर ती शाफ्टवरून घरंगळायला लागते, मुली कमरेभोवती प्लॅस्टिकची रिंग फिरवतात ना, तशी. आम्ही एक ढोबळ हिशोब मांडून पाहिला. समजा शाफ्ट २५ मिलिमीटरचा, आणि कडी त्याच्यापेक्षा फक्त एक शतांश मिलिमीटर मोठी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण सातवा भाग. चाकाच्या एका फेऱ्यात कडी शाफ्टच्या मागे पडते ०.०३१ मिलिमीटर. तेरा इंची चाकाचे एका किलोमीटरला साडेपाचशेच्या आसपास फेरे होतात. म्हणजे दर किलोमीटरला कडी १७ मिलिमीटर सरकणार. साडेचार किलोमीटरमध्ये तिची शाफ्टभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा! लंडनहून बर्मिंगहॅमला पोहोचेपर्यंत चाळीस. आणि प्रत्येक प्रदक्षिणा म्हणजे पोलादावर पोलाद घासणं. त्यातून तांबूस तपकिरी भुकटी पडते, बैठक आणखी झिजते, कडी आणखी सैल होते. ‘खुंटा हलवून बळकट’ ही म्हण जात्याच्या खुंट्याला लागू असेल, बेअरिंगला अजिबात नाही.

यातून एक सोपा नियम निघतो, तो कात्रण करून गराजमध्ये लावावा. जी कडी फिरते ती घट्ट, जी स्थिर असते ती सैल चालते. बैलगाडीत किंवा मोटारीच्या पुढच्या चाकात आस स्थिर असते आणि चाक फिरतं. म्हणून तिथे आतली कडी आसेवर हातानं सरकली तरी चालतं, बाहेरची मात्र हबमध्ये घट्ट हवी. स्पिटफायरच्या मागच्या चाकात शाफ्टच फिरतो, म्हणून उलट. पुढच्या चाकाचं बेअरिंग हातानं निघतं हे पाहून ‘मागचंही तसंच करून टाकू’ असं कुणालाही वाटेल. वाटण्यात चूक नाही, करण्यात आहे.

तरीही, जगात असं कुणी करतच नाही का? करतात. अमेरिकेतल्या शेवरोले कॉर्व्हेटचं उदाहरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. १९६३ ते १९८२ पर्यंतच्या कॉर्व्हेटच्या मागच्या चाकात जाड दांडा, म्हणजे स्पिंडल, आणि त्यावर दोन निमुळत्या रोलरची बेअरिंग, दोन्ही घट्ट ठोकलेली. त्यांच्यातली बारीकशी मोकळीक पातळ चकत्या घालून जमवावी लागते. बेअरिंग बसवा, मोजा, चुकलं, काढा, चकती बदला, पुन्हा बसवा. घट्ट बेअरिंग चार वेळा काढायचं म्हणजे चार वेळा खराब करायचं. मग तिथल्या हौशी मंडळींनी युक्ती काढली. एक जुना स्पिंडल घ्यायचा, तो घासून बेअरिंग हातानं सरकेल इतका बारीक करायचा, आणि फक्त मोजमापासाठी वापरायचा. योग्य चकती सापडली की बेअरिंग खऱ्या, न घासलेल्या स्पिंडलवर कायमची ठोकायची. म्हणजे सैल बांगडी कासाराच्या मापाच्या लाकडावर, घट्ट बांगडी हातात!

काही जण खऱ्या स्पिंडलवरही आतल्या बेअरिंगची बैठक अगदी किंचित उतरवतात हेही खरं. पण तिथली रचना वेगळी. शेवटचा नट आवळला की दोन्ही बेअरिंग, मधली नळी आणि चकती असं सगळं एकमेकांवर आवळून धरलं जातं, त्यामुळे कडीला घरंगळायला जागा कमी. शिवाय तिथे सुया शाफ्टवर धावत नाहीत. कॉर्व्हेटचं औषध स्पिटफायरला देणं म्हणजे शेजारच्यांची रक्तदाबाची गोळी आपण घेणं.

दुसरी भीती अधिक मोठी आहे. लेथवर शाफ्ट उतरवला की जिथे जाडी बदलते तिथे एक पायरी तयार होते. ती पायरी टोकदार राहिली तर तिथेच पोलाद दमतं. हे ज्ञान जगाला फार महागात मिळालं आहे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डब्यांना आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी विल्यम रँकिन या स्कॉटिश इंजिनियरने आसांच्या मोडण्याचा अभ्यास करून सांगितलं की जाडी बदलते तिथला कोपरा गोलसर ठेवा. मग प्रशियाच्या रेल्वेतले आउगुस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षं आस फिरवून, वाकवून, मोडून दाखवलं की एका झटक्यात न मोडणारं पोलाद लाखो फेऱ्यांनंतर कमी जोरालाही मोडतं. आपल्या स्पिटफायरमध्ये चाकाला धरून ठेवणारा तो एकच शाफ्ट आहे. तो बेअरिंगच्या बाहेर मोडला, तर चाक हबसकट गाडी सोडून जातं. मोटरवेवर याचा अर्थ काय होतो हे लिहायची गरज नाही.

म्हणून ताई, उत्तर स्पष्ट आहे. शाफ्ट उतरवू देऊ नका. लेथवाल्यांचा हेतू चांगला आहे, हातही चांगला असेल, पण हा बदल या गाडीला योग्य नाही.

मग बेअरिंग सोपेपणाने बसवायचं कसं? शाफ्ट बारीक करण्याऐवजी बेअरिंग मोठं करायचं, तात्पुरतं, आणि फुकटात! पोलाद तापलं की फुगतं. दर अंशाला दहा लाखांत बारा भाग. २५ मिलिमीटरची कडी २० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसला नेली तर तिचं भोक साधारण २४ मायक्रॉननी वाढतं. आणि अशा मापाच्या शाफ्टवर घट्टपणा सर्वसाधारणपणे असतो २ ते २५ मायक्रॉन. म्हणजे गरम बेअरिंग बहुतेक वेळा आपसूक सरकतं आणि गार झालं की मिठी मारतं. स्वयंपाकघरातला ओव्हन १०० वर ठेवून अर्धा तास पुरतो. १२५ अंशांच्या वर मात्र कधीच नेऊ नका, पोलादाचा गुण बिघडतो. बर्नरची ज्योत नको, पोळीचा तवाही नको. आतच ग्रीस भरून झाकलेलं बेअरिंग असेल तर बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा पाहावी. आणि ओव्हनच्या मालकिणीची परवानगी आधी घ्यावी, हे आम्ही अनुभवी नवऱ्यांना सांगायला नको.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात :

आवाजाची खात्री करून घ्या. बेअरिंगचा घुंई आवाज वेगाबरोबर वाढतो आणि वळणावर बदलतो. उजवीकडे वळताना वाढला तर डावं चाक, डावीकडे वळताना वाढला तर उजवं. गाडी उचलून चाक वर-खाली धरून हलवून पाहा. गाडी नुसत्या जॅकवर कधीही नको, खाली स्टँड हवेतच.

हब काढताना नट पूर्ण काढू नका, चार आटे ठेवा. पुलर ताणला की हब बंदुकीच्या आवाजाने सुटतो. नट असेल तर तो तुमच्या छातीऐवजी नटावर आदळतो. बोटं, चष्मा, पोरंटोरं लांब.

ब्रेकच्या ड्रममधल्या धुळीला फुंकर मारू नका. या देशात ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली १९९९ मध्ये. त्याआधीच्या ब्रेकच्या पट्ट्यांत ते असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बंद करा.

शाफ्टवर सुया धावतात तिथे नख फिरवा. नख अडकलं तर शाफ्ट बदला. नवा शाफ्ट घेताना मायक्रोमीटरने मोजून घ्या. दुकानातला ‘फिट होईल’ हा शब्द म्हणजे माप नव्हे.

टेपर पुन्हा बसवताना दोन्ही बाजू स्वच्छ, कोरड्या, खरचटलेल्या नसाव्यात. निळी शाई लावून पाहा, सगळीकडे सारखा ठसा उमटला पाहिजे. नट वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोरालाच, टॉर्कच्या पान्याने. ग्रीस मोजकंच भरा. जास्त झालं की सील ओलांडून ते ब्रेकवर येतं, आणि मग गाडी धावते छान पण थांबत नाही.

आणि काहीतरी बदल करायचाच असा हात शिवशिवत असेल, तर तो न फिरणाऱ्या भागात करा, फिरणाऱ्या भागात नको. किंवा सगळ्यात सोपं म्हणजे एक जास्तीचा जोड शांतपणे जुळवून फळीवर ठेवा. शाफ्ट, बेअरिंग, हब, सगळं बसवलेलं. पुढच्या वेळी रस्त्यावरची गाडी दोन दिवस उघडी पडणार नाही. मोठा पुलर विकत घेऊ नका, ट्रायम्फवाल्यांच्या क्लबात चौकशी करा. ही मंडळी हत्यारं आणि सल्ला दोन्ही उदारपणे देतात, चहा मात्र आपला आपण न्यावा.

आता कायद्याबद्दल, कारण ताईंची गाडी नेमकी त्या वयात आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना, गेल्या तीस वर्षांत त्यांत मोठा फेरबदल केलेला नसेल तर, एमओटीची सक्ती नाही. बरेच जण हे ऐकून खूष होतात. आम्हाला त्यात जबाबदारी दिसते. वर्षातून एकदा एक परका माणूस चाक हलवून बघत होता, आता तोही नाही. गाडी रस्त्यावर आणण्याइतकी ठीक असली पाहिजे ही अट कायम आहेच. धोकादायक गाडी चालवली तर दंड २,५०० पौंडांपर्यंत आणि लायसन्सवर गुणही. सक्ती नसली तरी स्वखुशीने एमओटी करून घेता येते. ती दरवर्षी करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. फी फार नाही, आणि दुसऱ्या डोळ्यांची किंमत करता येत नाही.

राहता राहिला ताईंनी पत्रात न विचारलेला, पण आम्हाला ओळींमधून दिसलेला प्रश्न. लेकीला ही गाडी द्यावी का? आम्ही मोटारीचं सदर लिहितो, घरच्यांचं नाही. तरी एवढं सांगतो. आपल्या पिढीने मुलांना इथे डॉक्टर केलं, वकील केलं, कंप्यूटरवाले केलं. हातात पाना द्यायचा मात्र आपल्याला थोडा संकोचच वाटला. ‘तू अभ्यास कर, हे मी बघतो.’ त्यामुळे आपली बरीचशी हातातली विद्या आपल्याबरोबरच जाणार आहे. लेक गाडी चालवायला मागते आहे तर तिला बेअरिंगही बदलू द्या. जावईबापू पुलर धरतील. ज्याने स्वतःच्या हातानं चाक बसवलं तो गाडी जपून चालवतो, असा आमचा अनुभव आहे. डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता येण्याइतकं मराठी तिला येत असेलच, नसेल तर हे शिकायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

असो. जागा संपली. पुढच्या अंकात हिवाळा तोंडावर असेल, तेव्हा बॅटरी आणि गंज यांच्याबद्दल बोलू. हेरल्ड किंवा गझेल चालवलेल्या वाचकांनी आपल्या आठवणी जरूर कळवाव्यात. घाटात बॉनेट उघडून उभं राहिल्याच्या गोष्टींना या सदरात नेहमीच प्राधान्य आहे.

लोभ आहेच, तो वाढावा.